उस्तादांचे उस्ताद

२३ फेब्रुवारी १९४२ च्या पहाटे ब्रह्मदेशातल्या सिटांग नदीवरचा पूल आपल्याच बाजूने सुरुंग लावून उडवण्यात आला, तेव्हा ज्यांच्या परतीसाठी तो राखायचा होता त्या १७ व्या भारतीय डिव्हिजनच्या दोन ब्रिगेडचा बहुतेक भाग अजून पलीकडच्याच तीरावर होता. पूल कोसळल्याचा आवाज त्या जवानांनी जपानी शत्रूच्या बाजूला उभे राहून ऐकला. ज्यांना पोहता येत होते त्यांनी नदीत उड्या घेतल्या, काहींनी हाताला लागेल त्या लाकडा-बांबूंचे तराफे बांधले, पुष्कळ जण बुडाले आणि पुष्कळ जण पकडले गेले. पार होऊन आलेल्यांची मोजदाद झाली तेव्हा पायदळाचे साडेतीन हजारांच्या आत सैनिक भरले आणि त्या सगळ्यांत मिळून रायफली निघाल्या १,४२०. पंधरवड्याच्या आत रंगून पडले, आणि तिथून सुरू झालेली माघार मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, मणिपूरच्या डोंगरात येऊन थांबली.

मार्च १९४५ मध्ये याच १७ व्या डिव्हिजनने रणगाड्यांच्या साथीने मध्य ब्रह्मदेशातले मेइक्तिला जिंकले. जपानी फौजेची रसद आणि विमानतळ जिथे एकवटले होते ते हे ठिकाण आघाडीच्या बरेच मागे होते, त्यामुळे ते घेतल्यावर डिव्हिजन चारी बाजूंनी वेढली जाणार हे उघड होते. तशी ती वेढलीही गेली. विमानतळाच्या धावपट्टीसाठी दोन्ही बाजूंत झुंज चालू राहिली, रसद विमानांतून खाली टाकावी लागली. पण कुणी जागा सोडली नाही, आणि महिनाअखेर वेढा घालणारेच मागे हटले.

मी या दोन तारखांच्या मधल्या तीन वर्षांत कितीतरी काळ अडकून पडलो आहे. युद्धाचा इतिहास वाचण्याची सवय मला लढायांच्या नकाशांमुळे लागली. बाण कुठून कुठे गेले, कुणी कुणाची बगल मारली, यात एके काळी मन रमत असे. पुढे कळले की नकाशांपेक्षा रंजक गोष्ट दोन नकाशांच्या मध्ये घडते. तीच डिव्हिजन, तोच शत्रू, तोच मुलूख. मग वेढले गेल्यावर पांगणारी माणसे तीन वर्षांनी वेढ्यात ठामपणे उभी राहिली, ती कशामुळे? नवी शस्त्रे आली, विमाने आली, संख्या वाढली, हे सगळे खरे आहे आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु केवळ सामग्रीने हा फरक पडत असता, तर १९४२ च्या अखेरीस अराकानात, म्हणजे ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनारपट्टीत, जी पहिली चढाई झाली ती फसली नसती. तिथे संख्याबळ आपल्याकडे असूनही दोनबाइकच्या जपानी बंकरांवर समोरून हल्ल्यामागून हल्ले केले गेले आणि १९४३ च्या मे महिन्यात फौज होती तिथेच परत आली.

खरा बदल पराभवाकडे पाहण्याच्या रीतीत झाला, आणि त्याची सुरुवात मला वाटत होते त्याहून आधीची निघाली. मलायात जंगलातल्या लढाईची तयारी आधीपासून गांभीर्याने करणाऱ्या मोजक्या पलटणींत एका स्कॉटिश पलटणीचा समावेश होता. सिंगापूर शरण जाण्याच्या बेतात असताना त्या पलटणीचे प्रमुख इयान स्टुअर्ट यांना मुद्दाम बाहेर काढून भारतात धाडण्यात आले. काय घडले आणि का घडले हे त्यांनी पुढच्या फौजेला सांगावे एवढ्यासाठी. बुडत्या जहाजावरून आधी काय वाचवायचे याचा निर्णय घेणाऱ्याची पारख अशा वेळी कळते. इथे कुणीतरी अनुभव वाचवला, आणि मला त्या अनाम निर्णयाचे कौतुक वाटत आले आहे.

त्यानंतर आलेला कागद साधा होता. भारतातल्या लष्करी मुख्यालयाने काढलेली नवव्या क्रमांकाची प्रशिक्षण पुस्तिका, जिला जवानांपासून अधिकाऱ्यांपर्यंत सगळे ‘जंगल बुक’ म्हणत. तिची पहिली आवृत्ती पराभवाच्या आधीची, म्हणजे जवळजवळ पुस्तकी होती. सप्टेंबर १९४३ ची आवृत्ती मात्र मार खाल्लेल्यांच्या सांगण्यावरून लिहिली गेली, आणि हा फरक तिच्या सुरात जाणवतो. जंगल हे तटस्थ आहे, ते शत्रूचे नाही; रस्त्याला चिकटून राहाल तर रस्त्यावरच मराल; गस्त हा रोजचा व्यवहार आहे, प्रसंगोपात्त साहस नाही; रात्री मोर्चासमोर आवाज झाला म्हणून गोळी झाडू नका, कारण आवाज करणाऱ्याला तुमच्या मशीनगनची जागाच हवी असते. यातली शेवटची शिकवण मी कागदावर वाचण्याच्या बरीच आधी एका माणसाच्या तोंडून ऐकली होती; त्याविषयी पुढे येईलच.

याच वर्षाच्या जून महिन्यात पायदळाची अवस्था तपासण्यासाठी एक समिती बसली. तिने जे सांगितले ते ऐकायला फारसे गोड नव्हते: तांत्रिक दलांना चांगले उमेदवार दिल्यावर जे उरतात ते पायदळाच्या वाट्याला येतात, आणि अर्धेकच्चे शिक्षण घेतलेले रंगरूट थेट आघाडीवरच्या पलटणींत भरले जातात. यावर उपाय म्हणून, केंद्रात शिकून बाहेर पडलेल्या रंगरुटाला आघाडीवर जाण्यापूर्वी दोन महिने केवळ जंगलातल्या लढाईचे शिक्षण द्यावे असे ठरले, आणि त्यासाठी दोन आख्ख्या डिव्हिजन प्रशिक्षणाकडे वळवण्यात आल्या. छिंदवाड्याला १४ वी आणि सहारणपूरला ३९ वी. या दोन आकड्यांपाशी मी नेहमी थांबतो. १४ वी म्हणजे अराकानच्या फसलेल्या चढाईतली डिव्हिजन. ३९ वी म्हणजे १९४२ च्या माघारीत होरपळलेली पहिली बर्मा डिव्हिजन, नाव बदललेली. हरलेल्या तुकड्या मोडून टाकणे किंवा लाजेखातर नजरेआड ठेवणे सोपे होते. त्याऐवजी त्यांची शाळा करण्यात आली. आपले काय चुकले हे ज्याला पुरते माहीत आहे त्याच्याकडे नवखा मुलगा सोपवावा, ही कल्पना कागदावर लिहिली की सरळ वाटते. प्रत्यक्षात ती अमलात आणणारी सैन्ये जगात फार नाहीत.

सुधारणेचा एक भाग तर लढाईशी थेट संबंधितही नव्हता. चौदाव्या सेनेचे प्रमुख विल्यम स्लिम यांनीच नोंदवून ठेवले आहे की १९४३ मध्ये जखमी होऊन मागे पाठवलेल्या दर एका सैनिकामागे आजारी पडून मागे पाठवलेले १२० सैनिक होते, आणि त्यांत मलेरियाचा वाटा मोठा होता. औषध उपलब्ध होते. ते रोज गिळले जात नव्हते. स्लिम यांनी अचानक तपासण्या सुरू केल्या, ज्या पलटणीत गोळ्या घेतल्या जात नव्हत्या तिथल्या कमांडिंग अधिकाऱ्याला पदावरून काढले, आणि तिघांची अशी गच्छंती झाल्यावर बाकीच्यांना अर्थबोध झाला. पूर्वसुरींच्या अनुभवातून शिकणे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर व्यूहरचना येते. पण बऱ्याचदा शिकण्यासारखी गोष्ट गोळी गिळण्याइतकी लहान असते आणि तिच्यासाठी कुणाची तरी खुर्ची जावी लागते.

तरीही या सगळ्याच्या मुळाशी एक प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाच्या मांडणीतच मला सुधारणेचे मर्म दिसते. ‘जपानी आपल्या मागे येतात, त्यांना कसे अडवायचे?’ असा प्रश्न १९४२ मध्ये विचारला जात होता आणि त्याचे उत्तर मिळत नव्हते, कारण जंगलात कुणालाही मागे येण्यापासून अडवता येत नाही. स्लिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न फिरवला: ते मागे आले तर आपण का पळतो? उत्तर होते, रसद तुटते म्हणून. मग रसद रस्त्याऐवजी आकाशातून आली, तर मागे आलेला शत्रूच दोन फौजांच्या मध्ये सापडलेला असेल. फेब्रुवारी १९४४ मध्ये अराकानातल्या सिन्झवेया इथे जपान्यांनी सातव्या डिव्हिजनला नेहमीच्या पद्धतीने वळसा घातला, तेव्हा कारकून, ड्रायव्हर आणि खेचरवाले यांच्यासह सगळ्यांनी जवळपास तीन आठवडे एका उघड्या खोलगट जागेत तग धरली. टाकायची रसद आधीपासून बांधून तयार ठेवलेली होती. पुढच्याच महिन्यात इंफाळवर आक्रमण आले, तेव्हा स्लिम यांनी सीमेवरच्या डिव्हिजन मुद्दाम मागे घेऊन इंफाळच्या पठारावर लढाई घेतली, जेणेकरून आपली रसद जवळ आणि शत्रूची लांब राहावी.

समोर उभी असलेली जपानी पंधरावी सेना आपल्या विजयाचा वारसा घेऊन आली होती. तीन आठवड्यांची शिदोरी बरोबर, बाकीचे शत्रूच्या गोदामांतून; १९४२ मध्ये हे जमले होते, म्हणून १९४४ मध्येही जमेल असे गृहीत धरले गेले. सुमारे ८५ हजारांची ती फौज जुलैपर्यंत जवळपास ५३ हजार माणसांना मुकली, आणि त्यांतले पुष्कळसे बंदुकीने नव्हे तर उपासमारीने आणि रोगराईने गेले. विजय हा फार वाईट मास्तर असतो, तो फक्त शाबासकी देतो.

जर्मनी आणि फ्रान्स यांचे उदाहरण या संदर्भात इतक्या वेळा दिले जाते की ते पुन्हा सांगायला मला संकोच वाटतो, पण त्यातला एक तपशील सोडवत नाही. १ डिसेंबर १९१९ रोजी, व्हर्सायच्या तहाने एक लाख माणसांवर आणलेल्या जर्मन सैन्याच्या सूत्रधारांपैकी हान्स फॉन झेक्ट यांनी गेल्या युद्धाचा अनुभव तपासण्याचा आदेश काढला. सत्तावन्न समित्या आणि अभ्यासगट नेमले गेले, शेकडो अधिकारी कामाला लागले, आणि सगळ्यांना चार प्रश्न देण्यात आले. युद्धापूर्वी कल्पना नव्हती अशा कोणत्या परिस्थिती युद्धात उद्भवल्या? त्यांना तोंड देताना आपले आधीचे विचार कितपत उपयोगी पडले? नव्या शस्त्रांच्या वापराविषयी कोणते नवे नियम तयार झाले? आणि युद्धाने उभ्या केलेल्या कोणत्या प्रश्नांना अजून उत्तर सापडलेले नाही? पहिले तीन प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाला सुचले असते. चौथा प्रश्न विचारायला वेगळी छाती लागते, कारण तो विचारणारा आपल्यानंतर येणाऱ्यांना रिकामी जागा वारसा म्हणून देत असतो. फ्रान्सने त्याच सुमारास, १९२१ मध्ये, मोठ्या दलांच्या वापराविषयीच्या सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत व्हर्दूनसारख्या भीषण लढायांतून काढलेले उत्तर होते, की आगच मारते, म्हणून आधी तोफा, मग पायदळ, सगळे मोजूनमापून आणि वरून आलेल्या हुकमानुसार. पंधरा वर्षांनी, १९३६ मध्ये, त्या सूचना नव्याने लिहिल्या गेल्या, तेव्हाही विजेत्या सेनानींनी घालून दिलेल्या तत्त्वांचा गाभा कायम ठेवण्यात आला. तेरा लाखांहून अधिक तरुण गमावलेल्या देशाला आपल्या उत्तराची उलटतपासणी करवली नाही, यात मला मूर्खपणापेक्षा शोक अधिक दिसतो. ब्रिटनने आपल्या महायुद्धाच्या धड्यांसाठी स्वतंत्र समिती नेमली ती १९३२ मध्ये, युद्ध संपून चौदा वर्षे झाल्यावर.

मात्र झेक्ट यांच्या पद्धतीचे कौतुक करताना एक गोष्ट विसरता येत नाही. त्यांच्या समित्यांनी लढाई कशी लढावी हे निर्दयपणे तपासले. मुळात दोन आघाड्यांवर साऱ्या जगाशी युद्ध ओढवून घेणाऱ्या निर्णयांची तपासणी त्या निर्दयतेने झाली नाही, आणि त्या सुधारलेल्या सैन्याने पुढे कुणाची चाकरी केली हे सर्वांना ठाऊक आहे. प्रश्न जितका वर जातो तितका तो विचारणारा कमी होत जातो.

मराठ्यांच्या इतिहासात याचेच एक रूप आहे आणि ते मला अधिक बोचते. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावरून महादजी शिंदे पायाने अधू होऊन परतले. इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणींनी आणि तोफांनी त्या दिवशी काय केले हे त्यांनी पाहिले होते, आणि घोडदळाच्या सरदारांना त्या पद्धतीविषयी किती कमी आस्था होती हेही. तेवीस वर्षांनी, १७८४ मध्ये, त्यांनी द बॉइन्य या फ्रेंच सैन्यात राहून आलेल्या अधिकाऱ्याला चाकरीत घेतले, आणि १७९० मध्ये पाटण व मेडता इथे या कवायती कंपूंनी राजपूत घोडदळाचा धुव्वा उडवला. पानिपताचे एक उत्तर महादजींनी अचूक शोधले. परंतु पानिपताने दुसराही एक प्रश्न टाकला होता, की एका रणांगणावर उभे असलेले सरदार कुणाचे ऐकतात. त्याला उत्तर मिळाले नाही. १८०३ मध्ये शिंदे आणि भोसले इंग्रजांशी लढले तेव्हा होळकर दूर राहिले, आणि कंपूंचे अनेक युरोपीय अधिकारी ऐन वेळी सोडून गेले. असईला आणि लासवारीला त्या पलटणी व तोफा ज्या चिवटपणे लढल्या त्याची दाद शत्रूने दिली. शिपाई शिकला होता. दरबार शिकला नव्हता.

मी हे लिहितो आहे ते खरे तर १९६२ पर्यंत पोहोचण्यासाठी. ब्रह्मदेशात घडलेली ही फौज १९४७ नंतर आपली फौज झाली. तिच्याकडे त्या अनुभवाचा साक्षात वारसा होता, तो असा: जानेवारी १९४५ मध्ये अराकानच्या किनाऱ्याजवळ कांगॉ इथे ५१ व्या ब्रिगेडमधल्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते. थिमय्या, थोरात आणि सेन. तिघांनाही त्या लढाईतल्या कामगिरीबद्दल डीएसओ हे पदक मिळाले. थिमय्या पुढे लष्करप्रमुख झाले आणि मे १९६१ मध्ये निवृत्त झाले. एस. पी. पी. थोरात पूर्व विभागाचे प्रमुख होते. आणि १९६२ च्या युद्धात त्याच पूर्व विभागाच्या प्रमुखपदी होते एल. पी. सेन. म्हणजे अनुभव गेला कुठे होता असे विचारायचीही सोय नाही. तो मुख्यालयातच होता.

थोरात यांनी १९५९ मध्ये ईशान्य सीमेच्या संरक्षणाची एक योजना लेखी सादर केली आणि मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किला’ नावाचा सराव घेऊन ती वरिष्ठांपुढे मांडली. तिचे सार मला इंफाळच्या निर्णयाची आठवण करून देते. सीमेवरच्या चौक्यांनी फक्त इशारा द्यावा. मुख्य लढाई बरीच मागे, बोमडिलाच्या परिसरात घ्यावी, जिथे आपली रसद पोहोचू शकते आणि चिनी फौजेची रसद डोंगर ओलांडून ताणलेली असेल. पूर्वसुरींचा अनुभव पुढच्या पिढीला मिळण्याची याहून चांगली साखळी मला सुचत नाही: स्वतः लढलेला माणूस, योग्य पदावर, योग्य वेळी, लेखी, सरावासह. थोरात १९६१ मध्ये निवृत्त झाले. सीमेवर पुढे पुढे चौक्या टाकण्याचे धोरण आले, आणि नकाशावरची प्रत्येक रेष राखण्याच्या आग्रहापुढे ती योजना बाजूला पडली.

नंतरची हकीकत फार लांबवावीशी वाटत नाही. चौथी डिव्हिजन पंजाबच्या मैदानातून थेट नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या, डोंगरात आणली गेली होती. आफ्रिकेच्या वाळवंटात आणि इटलीत तिने मिळवलेले नाव दुसऱ्या महायुद्धातल्या कुठल्याही डिव्हिजनला हेवा वाटावा असे होते, पण ते वाळवंटातले नाव १३ हजार फुटांवर काय कामाचे? २० ऑक्टोबर १९६२ ला नामका चू नदीच्या काठावर सातवी ब्रिगेड उद्ध्वस्त झाली. नोव्हेंबरात चिनी तुकड्या डोंगरवाटांनी वळसा घालून दिरांग आणि बोमडिला यांच्यामधल्या रस्त्यावर येऊन बसल्या, आणि १७ नोव्हेंबरच्या रात्री सेला खिंडीतली, समोरून येणाऱ्या हल्ल्यासाठी मजबूत असलेली जागा सोडून ६२ वी ब्रिगेड मागे निघाली. शत्रू मागे आला म्हणून जागा सोडली. सिन्झवेयाला अठरा वर्षे झाली होती. मी न्यायाने बोलायला हवे: सेलाला ब्रह्मदेशासारखा हवाई पुरवठा सहज शक्य नव्हता, उंचीची सवय नव्हती, वरिष्ठांच्या हुकमांत एकवाक्यता नव्हती, आणि आरामखुर्चीत बसून कुणाला शूर किंवा भित्रा ठरवण्याचा मला अधिकार नाही. तरी ती रात्र वाचताना ‘हे आपण एकदा शिकलो होतो’ हे वाक्य मनातून जात नाही.

युद्धविराम झाला त्याच सुमारास यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपल्याकडे इतके गाजले की पुढे सह्याद्रीने तिथे जाऊन काय केले याची चर्चा मागेच पडली. नवे लष्करप्रमुख जयंतनाथ चौधरी यांनी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंदरसिंग भगत यांना चौकशीला बसवले. भगत हे निव्वळ कार्यालयीन अधिकारी नव्हते; १९४१ मध्ये अबिसिनियात दिवसेंदिवस सुरुंग काढत राहिल्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला होता. चौकशीचे विषय पाच: प्रशिक्षण, सामग्री, कमांडव्यवस्था, जवानांची शारीरिक क्षमता आणि हाताखालच्यांवर प्रभाव टाकण्याची सेनाधिकाऱ्यांची कुवत. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी संसदेत त्याचे निष्कर्ष निवेदनाच्या रूपाने मांडले. मूलभूत प्रशिक्षण ठीक होते पण ते त्या मुलखासाठी आणि चिनी युद्धपद्धतीसाठी नव्हते. सामग्री एकंदरीत होती पण ती डोंगरावर वेळेत पोहोचली नाही. अशा स्वरूपाचे ते निवेदन आजही वाचनीय आहे, कारण त्यात पराभूत फौजेच्या वतीने कुणी आवाज चढवलेला नाही.

आणि बदल झाले. लष्कराचे संख्याबळ सव्वाआठ लाखांपर्यंत नेण्याचे ठरले, दहा डोंगरी डिव्हिजन उभारण्याचे ठरले, उंचीवर नेण्यापूर्वी जवानाला टप्प्याटप्प्याने हवामानाची सवय करून देण्याची शिस्त आली. चौथी डिव्हिजन डोंगरी डिव्हिजन झाली. डिसेंबर १९७१ मध्ये ती कुष्टियाकडे चालून गेली, तेव्हा पूर्व पाकिस्तानातल्या आपल्या बऱ्याच फौजेने तटबंदीची गावे वळसा घालून मागे टाकली आणि शत्रूच्या पिछाडीचे रस्ते धरले. माझे मत असे की यात केवळ आपल्या अनुभवाचा नव्हे, तर ज्यांच्याकडून आपण दोनदा मार खाल्ला त्या शत्रूंच्या पद्धतीचाही अंश होता. मात्र हे मत आहे, पुरावा नव्हे.

पाच विषयांच्या यादीत एक गोष्ट नव्हती. लष्करी मुख्यालयाचे आणि त्याच्यावरच्या राजकीय निर्णयांचे कामकाज चौकशीच्या कक्षेत धरले गेले नाही. अहवाल तयार झाला आणि कुलुपात गेला. त्याचा काही भाग २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने खुला केला. सरकारने तो अधिकृतपणे कधीच प्रसिद्ध केलेला नाही. गोपनीयतेची कारणे १९६३ मध्ये समजण्यासारखी होती. पण सहा दशकांनंतर त्या कागदांतून चीनला काय कळणार आहे? कळायचे असेल तर ते आपल्या लष्करी प्रबोधिनीतून बाहेर पडणाऱ्या तरुण अधिकाऱ्याला कळेल, की थोरातांची योजना फाइलीत असताना फौज नामका चूच्या काठावर कशी उभी राहिली.

कारगिलनंतर वेगळे घडले हे मान्य करायला हवे. युद्ध संपल्यावर काही दिवसांत, २९ जुलै १९९९ रोजी, के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, डिसेंबरात तिने अहवाल दिला आणि काही भाग वगळून तो फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे आला. या वेळी प्रश्न शिखरापर्यंत गेला: गुप्तवार्ता, तिन्ही दलांचा समन्वय, संरक्षण मंत्रालयाची रचना. त्या अहवालावर विचार करणाऱ्या मंत्रिगटाने २००१ मध्ये तिन्ही दलांसाठी एक संरक्षणप्रमुख असावा अशी शिफारस केली, आणि पहिल्या संरक्षणप्रमुखांनी १ जानेवारी २०२० रोजी पदभार घेतला. मधली एकोणीस वर्षे कुणा एकाच्या माथी मारता येणार नाहीत. परंतु १९४३ च्या जून महिन्यातल्या समितीच्या शिफारशींवरून त्याच वर्षी रंगरूट छिंदवाड्याला पोहोचू लागले होते, हे आठवले की मन चलबिचल होते. तळाशी अनुभव वेगाने उतरतो, कारण तिथे त्याची किंमत रोज मोजावी लागते. वरच्या मजल्यावर तीच किंमत वीस-तीस वर्षांतून एकदा मोजली जाते, आणि मोजणारी माणसे तोपर्यंत बदललेली असतात.

आता त्या माणसाविषयी. माझ्या परिचयाचे एक निवृत्त सुभेदार होते. ऐंशीच्या दशकात त्यांनी पूर्वेकडच्या जंगलांत नोकरी केली आणि नंतर काही वर्षे रंगरुटांना शिकवले. एकदा बोलता बोलता ते म्हणाले, “रात्री मोर्च्यापुढं डबा वाजला, फांदी मोडली, कुणी शिवी घातली, तरी गोळी झाडायची नाही. आवाज करणारा मरायला आलेला नसतो, तुमची एलएमजी कुठंय ते बघायला आलेला असतो.” ‘जंगल बुक’ त्यांनी पाहिले नव्हते. सिटांगचे नावही त्यांच्या कानावर आले नव्हते.

मी विचारले, “सुभेदारसाहेब, हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“उस्तादांनी.”

“आणि त्यांना?”

ते हसले. “त्यांच्या उस्तादांनी. आता ते उस्ताद कुठं होते, कुणाशी लढले, ते आम्ही कधी विचारलं नाही. एवढं मात्र कळायचं, की ज्यानं पहिल्यांदा सांगितलं असेल, त्यानं एका रात्री गोळी झाडली असणार.”